अननसाचा वास, शहराचा धूर आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

गाडी माझ्या काकांची. २०१२ सालची, पेट्रोलवर चालणारी, आतापर्यंत सव्वा लाख किलोमीटर पळालेली. गेल्या पावसाळ्यात तिच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, तो विझायचं नावच घेईना. गाडी तशी चालत होती. सिग्नलला उभी असताना जरा थरथरायची, एवढंच. काका गॅरेजमध्ये गेले. तिथल्या माणसाने स्कॅन करायचे हजार रुपये सांगितले आणि स्कॅन न करताच उपायही सांगून टाकला: सायलेन्सरच्या लाइनमधला तो जाळीचा डबा कापून काढू, सरळ पाइप टाकू आणि दिवा पुन्हा लागणारच नाही अशी सोय करून देऊ. वर पिकअपही वाढेल म्हणे. काका जवळजवळ तयार झाले होते.

मी त्यांच्याकडून चार दिवस मागून घेतले आणि ऑनलाइन साडेचारशे रुपयांचा एक प्लग मागवला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यांच्या वरच्या बाजूला हात घातला की सोळा पिनांचं एक सॉकेट लागतं. प्लग तिथे बसवायचा, चावी फिरवून इग्निशन ऑन करायचं, इंजिन मात्र सुरू करायचं नाही. मग फोनचं ब्लूटूथ जोडायचं (पासवर्ड बहुतेक वेळा १२३४), फुकटातलं एखादं अ‍ॅप उघडायचं आणि कोड वाचायचे. संपलं काम. आयफोनवाल्यांनी घेण्याआधी आपल्या फोनला चालणारा प्लग आहे ना ते बघून घ्यावं, कारण अगदी स्वस्तातले साधे प्लग त्यांना चालत नाहीत. आणि वाचून झालं की प्लग काढून ठेवायचा. तो तसाच राहिला आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली, तर बॅटरी उतरू शकते. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांबरोबर २०१० पासून ही सोय यायला लागली आणि २०१३ पासून तिचे नियम आणखी कडक झाले. म्हणजे कॉलेजच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या, मोठ्या भावाकडून किंवा काकांकडून आलेल्या बऱ्याच गाड्या यात बसतात.

काकांच्या गाडीने दोन कोड दाखवले. पी ०३०१ आणि पी ०४२०. पी म्हणजे इंजिन-गिअरच्या घरातली तक्रार. त्यानंतरचं शून्य म्हणजे कोड सगळ्या कंपन्यांना सारखाच लागू. मग ३ आला तर ठिणगीची, मिसफायरची बाजू आणि ४ आला तर धूर कमी करणाऱ्या यंत्रणेची. ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये. ०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजेच गॅरेजवाल्याला कापून हवा असलेला तो जाळीचा डबा, पुरेसं काम करत नाहीये.

आता यातली गंमत अशी की, या पिवळ्या दिव्याला आपण इंजिनाची तब्येत सांगणारा दिवा समजतो. तो त्यासाठी जन्मालाच आलेला नाही. ऑइलचा दिवा वेगळा असतो, इंजिन तापल्याचा वेगळा. हा दिवा हवेसाठी आहे. गाडीच्या मागून बाहेर पडणारी घाण ठरलेल्या मर्यादेच्या बरीच वर जायला लागली की तो लागतो. अमेरिकेतल्या नियमात ही रेषा साधारण दीडपटीवर आखलेली आहे. आणि कुठल्याही कार कंपनीने तो हौसेने बसवलेला नाही. बसवायला लावला कॅलिफोर्निया राज्याच्या एका सरकारी मंडळाने. त्या मंडळाचा पहिला अध्यक्ष होता एक डच रसायनशास्त्रज्ञ. अननसाला अननसाचा वास कशामुळे येतो, हे शोधण्यात रमलेला. नाव आरी यान हाखेन-स्मिट.

हाखेन-स्मिटचा जन्म २२ डिसेंबर १९०० चा, नेदरलँड्समधल्या उट्रेक्टचा. वडील तिथल्या टांकसाळीत रसायनतज्ज्ञ. पोरगाही रसायनशास्त्राकडेच वळला. उट्रेक्टच्याच विद्यापीठात शिकला आणि १९२९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. विषय होता वनस्पतींच्या सुगंधी तेलांमधली रसायनं. पुढची काही वर्षं तो वनस्पती वाढतात त्या कशाच्या जोरावर, या कोड्याच्या मागे लागला. प्राध्यापक कोग्ल आणि एर्क्सलेबेन या सहकारी बाईंबरोबर त्याने १९३४ मध्ये वनस्पतींच्या वाढीचं एक संप्रेरक वेगळं काढलं. कशातून, तर माणसाच्या लघवीतून! बादल्याच्या बादल्या द्रव आटवायचा, गाळायचा, पुन्हा आटवायचा आणि शेवटी चिमूटभर पदार्थ हाती घ्यायचा. प्रचंड पसाऱ्यातून अगदी थोडंसं काहीतरी नेमकं पकडण्याची ही सवय त्याला पुढे आयुष्यभर पुरली.

१९३६ मध्ये तो अमेरिकेत हार्वर्डला आला आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत. तिथल्या जीवशास्त्र विभागाचे प्रमुख होते थॉमस हंट मॉर्गन, फळमाश्यांवरच्या कामासाठी नोबेल मिळवलेले. कॅलटेक आहे पॅसाडेना गावात. लॉस एंजेलिसच्या ईशान्येला, डोंगराच्या पायथ्याशी. संत्र्यांच्या बागा, स्वच्छ ऊन, मागे निळा डोंगर. जपून ठेवा हे चित्र, कारण पुढच्या दहा वर्षांत तो डोंगर दिसेनासा होणार आहे.

कॅलटेकमध्ये हाखेन-स्मिट वासाच्या रसायनशास्त्रात रमला. वाइन, कांदा, लसूण आणि सगळ्यात गाजलेला अननस. वास म्हणजे हवेत उडून जाणारी रसायनं. ती पकडायची तर फळावरची हवा अतिशय थंड नळ्यांमधून न्यायची. थंडीने ती रसायनं गोठून नळीत अडकतात, उरलेली हवा निघून जाते. असे ढीगच्या ढीग अननस वापरून त्याने १९४०च्या दशकात अननसाच्या वासातले घटक एकेक करून वेगळे काढले. कोणाला यात काही उपयोग दिसला नसता. खाद्यपदार्थ बनवणाऱ्यांना दिसला असता फार तर.

तिकडे लॉस एंजेलिसमध्ये वेगळंच काहीतरी शिजत होतं. १९४३ च्या जुलैमध्ये एके दिवशी शहरावर असा काही धूर उतरला की लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, घसे धरले. दुसरं महायुद्ध चालू होतं. काहींना वाटलं, जपानने विषारी वायू सोडला. मग संशय गेला शहरातल्या एका कृत्रिम रबराच्या कारखान्यावर. लोकांच्या दबावाने तो काही काळ बंदही ठेवला. धूर तसाच. मग पाळी आली मागच्या अंगणात कचरा जाळण्याच्या भट्ट्यांची. त्या काळी तिथे घरोघरी अशी भट्टी असायची. मग तेल शुद्धीकरण कारखाने, मग धुरांडी. १९४७ मध्ये लॉस एंजेलिस परगण्याने हवेच्या प्रदूषणासाठी स्वतंत्र खातं काढलं, अमेरिकेतलं अशा प्रकारचं पहिलं. सगळ्यांच्या डोक्यात लंडन होतं: कोळसा, गंधक, काळा धूर. पण लॉस एंजेलिसचा धूर तपकिरी होता, तो भर उन्हात वाढायचा आणि रात्री ओसरायचा. लंडनच्या धुक्याच्या अगदी उलट. गंधक आटोक्यात आणूनही डोळे चुरचुरायचे थांबले नाहीत.

याचा पहिला हिशोब लावला शेतकऱ्यांनी. आसपासच्या मळ्यांमध्ये पालकाची, बिटाची पानं चंदेरी-तपकिरी पडून वाळायला लागली. नेहमीच्या कुठल्याच रोगाची लक्षणं जुळेनात. आता वनस्पती आणि रसायनं या दोन्हींत मुरलेला माणूस हवा होता, आणि तो डोंगराच्या पायथ्याशी अननस हुंगत बसला होता. त्याला यात ओढलं आर्नल्ड बेकमन यांनी. बेकमन म्हणजे पीएच मीटर बनवणारे, स्वतः कॅलटेकमध्ये शिकवलेले आणि तेव्हा त्या प्रदूषण खात्याचे सल्लागार. हाखेन-स्मिटने आपल्या त्याच अननसाच्या थंड नळ्या घेतल्या आणि त्यांतून पॅसाडेनाची हवा ओढली. नळ्यांमध्ये जमा झाले काही थेंब. तपकिरी, उग्र वासाचे. त्यात सापडली अर्धवट जळालेल्या, हवेने गंजलेल्या पेट्रोलजन्य पदार्थांची आख्खी पलटण: अल्डिहाइड, आम्लं आणि बरंच काही.

त्याच्या मते एवढं पुरेसं होतं. त्याने निष्कर्ष सांगून टाकला आणि आपल्या वासांकडे परत जायचा बेत केला. मला इथे हा माणूस सगळ्यात जवळचा वाटतो. त्याला कुठलीही क्रांती करायची नव्हती. त्याला परत लॅबमध्ये जायचं होतं.

पण तेल कंपन्यांच्या संघटनेने धुराचा अभ्यास करायला स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटला पैसे दिले होते. तिथल्या शास्त्रज्ञाने हाखेन-स्मिटचं काम जाहीरपणे चुकीचं ठरवलं, तेही कॅलटेकमध्येच येऊन दिलेल्या भाषणात. शांत स्वभावाचा हा डच माणूस भडकला. अननस राहिले बाजूला. मला चुकीचा म्हणताय ना, मग आता पुरावाच बघा, अशा जिद्दीने तो कामाला लागला.

पुढची दोन-तीन वर्षं हा खरा मसाला आहे. हाखेन-स्मिटचं म्हणणं असं होतं: गाड्यांच्या धुरात न जळालेलं पेट्रोल, म्हणजे हायड्रोकार्बन, आणि नायट्रोजनची ऑक्साइडं असतात. उन्हात नायट्रोजन डायऑक्साइड फुटतो, त्यातून सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो आणि ओझोन तयार होतो. हायड्रोकार्बन हे चक्र फिरतं ठेवतात आणि त्यातूनच डोळे चुरचुरवणारी इतर रसायनंही बनतात. म्हणजे धुरांड्यातून धुरकं निघतच नाही, ते आकाशात शिजतं. ऊन ही शेगडी. आणि लॉस एंजेलिसच्या तिन्ही बाजूंना डोंगर, वरती गरम हवेचं झाकण. कुकरच म्हणा ना.

हे सिद्ध करायला त्याने जे वापरलं ते पाहून थक्क व्हायला होतं. बंद पेटीत पालकाची रोपं ठेवली, आत पेट्रोलची वाफ आणि ओझोन सोडला. शेतात दिसले तसेच डाग पानांवर उमटले. माणसांना बंद खोलीत बसवून तयार केलेलं धुरकं डोळ्यांवर सोडलं. लोक रडत बाहेर आले, प्रयोग यशस्वी! आणि ओझोन मोजायला काय, तर रबराच्या पट्ट्या. रबर ताणून किंवा वाकवून ठेवलं आणि हवेत ओझोन असला की त्याला तडे जातात. किती मिनिटांत तडा गेला, त्यावरून हवेत ओझोन किती ते कळायचं. लॉस एंजेलिसमध्ये गाड्यांचे टायर इतर शहरांपेक्षा लवकर का चिरतात, हे कोडंही जाता जाता सुटलं. एका आख्ख्या शहराच्या बिघाडाचा कोड त्याने रबराच्या तुकड्यावर वाचला. आपल्या साडेचारशेच्या प्लगपेक्षाही स्वस्तात.

१९५२ मध्ये त्याने हे सगळं मांडणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. तो मान्य करणं लोकांना जड गेलं, कारण आरोपी बदलला होता. कारखाना दुसऱ्याचा असतो. गाडी आपली असते. लॉस एंजेलिस हे तर गाडीवर जगणारं शहर. कार कंपन्यांनी आणखी संशोधन हवं असं म्हणत वर्षं ढकलली. शहराची अवस्था मात्र बघवत नव्हती. १९५४ चा एक प्रसिद्ध फोटो आहे: हायलँड पार्क भागातल्या ऑप्टिमिस्ट क्लबचे, म्हणजे आशावादी मंडळाचे, सभासद मेजवानीला गॅस मास्क घालून बसलेत. कचऱ्याच्या भट्ट्यांवर १९५७ मध्ये बंदी आली. धुरकं हललं नाही. हळूहळू स्टॅनफर्डवाल्यांसकट सगळे हाखेन-स्मिटच्या बाजूला आले.

मग कायदे आले, पण गोगलगायीच्या चालीने. १९६१ पासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांना इंजिनाच्या पोटातली गळती परत इंजिनात फिरवणारा एक छोटा वॉल्व्ह आला. १९६६ पासून सायलेन्सरमधून निघणाऱ्या घाणीवर मर्यादा आली. १९६९ मध्ये तर अमेरिकेच्या न्याय विभागाने मोठ्या कार कंपन्यांवर खटला भरला. आरोप असा की, प्रदूषण कमी करणारी साधनं बाजारात लवकर येऊ नयेत म्हणून त्यांनी आपापसात संगनमत केलं. खटला चाललाच नाही, समझोत्याने मिटला. ज्याने त्याने आपापला अर्थ काढावा.

१९६७ मध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांच्या सहीने कॅलिफोर्नियात एअर रिसोर्सेस बोर्ड स्थापन झालं आणि १९६८ मध्ये हाखेन-स्मिट त्याचा पहिला अध्यक्ष झाला. वय ६७. या वयात इतर प्राध्यापक बागकाम करतात. याच सुमारास केंद्र सरकारच्या कायद्याने कॅलिफोर्नियाला एक वेगळी सवलत मिळाली होती: देशापेक्षा कडक नियम स्वतः करण्याची. आणि कॅलिफोर्निया हे इतकं मोठं गिऱ्हाईक होतं की, तिथे जे चालेल ते कंपन्यांना बनवावंच लागायचं.

खुर्चीवर बसल्यावर हाखेन-स्मिटला लगेच एक चटका बसला. हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड कमी करायला कंपन्यांनी इंजिनं अशी ट्यून केली की ती जास्त गरम जळायला लागली आणि नायट्रोजनची ऑक्साइडं वाढली. म्हणजे एकीकडून दाबलं की दुसरीकडून फुगतं. ज्या दोन गोष्टींच्या भांडणातून ओझोन होतो, हे आपणच शोधून काढलेलं, त्यातली एक आपल्याच नियमामुळे वाढतेय! मंडळाने मग नायट्रोजन ऑक्साइडवरही मर्यादा घातली. जुन्या गाड्यांना वरून साधन बसवायला लावायचं का, यावर लोकांनी चिक्कार शिव्या घातल्या. १९७३ पर्यंत तो अध्यक्ष होता. त्याच वर्षासाठी अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक त्याला मिळालं.

तिन्ही वायू एकदम कमी करायचे, तर साधं ट्यूनिंग पुरणार नव्हतं. १९७५ च्या अमेरिकन गाड्यांमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला: चिनी मातीची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनमसारख्या धातूंचा लेप. (त्या धातूंना भंगारात चांगला भाव मिळतो. काकांच्या गॅरेजवाल्याने हा मुद्दा सांगितला नव्हता.) शिसं असलेल्या पेट्रोलने हा लेप कायमचा मरतो, म्हणून बिनशिशाचं पेट्रोल आलं. आपल्याकडेही नेमकं याच कारणाने मुंबईसह चार महानगरांत १९९५ मध्ये नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आणि बिनशिशाचं पेट्रोल एकदमच आलं आणि २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसं बंद झालं. तिन्ही वायू एकाच डब्यात निवळायचे तर आणखी एक अट होती. पेट्रोल आणि हवा यांचं प्रमाण अगदी काटेकोर हवं, एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा. हे माणसाने स्क्रू पिळून जमत नाही. सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर हवा आणि त्याचं ऐकून दर क्षणाला पेट्रोल कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक मेंदू हवा. १९७६ च्या अखेरीस व्होल्वोने अशी गाडी कॅलिफोर्नियात आणली.

हाखेन-स्मिट १७ मार्च १९७७ ला पॅसाडेनात गेला. फुप्फुसाचा कर्करोग. त्यावरून उगाच धुरक्याशी संबंध जोडायला नको, पण वाचताना मनात येतंच. त्याच्या दोनच महिने आधी एल माँटी गावातल्या मंडळाच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव देण्यात आलं होतं. पुढे २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या चाचणीपुरत्या सोज्वळ वागतात आणि रस्त्यावर धूर ओकतात, हे बिंग फुटलं. त्यातल्या निर्णायक चाचण्या एल माँटीच्याच इंजिनिअर मंडळींनी केल्या होत्या.

दिवा मात्र त्याने पाहिला नाही. गाडीत मेंदू आला, तेव्हा त्याला बोलतं करायची गरज पडली, आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कंपन्यांनी आपापल्या परीने ते केलं. जनरल मोटर्सच्या गाडीत डॅशबोर्डखालच्या सॉकेटमधल्या ए आणि बी या दोन पिना कागदाच्या क्लिपने जोडायच्या आणि चावी फिरवायची. दिवा एकदा लुकलुकायचा, थांबायचा, मग दोनदा लुकलुकायचा. झाला कोड १२, म्हणजे यंत्रणा बोलायला तयार आहे. त्यानंतर खरे कोड. क्रायस्लरमध्ये तर क्लिपचीही गरज नसायची: चावी ऑन, ऑफ, ऑन, ऑफ, ऑन, सगळं पाच सेकंदांत, आणि दिवा मोजत बसायचा. शेवटी ५५ आला की यादी संपली. अजूनही तिकडच्या जुन्या गाड्यांचे शौकीन असेच कोड वाचतात, खर्च शून्य.

मंडळाने १९८५ मध्ये नियम केला की १९८८ पासूनच्या गाड्यांनी आपला बिघाड स्वतः ओळखून दिवा लावायचाच. पण प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं, भाषा वेगळी. त्यामुळे १९८९ मध्ये दुसरा, जास्त कडक नियम आला: एकच सॉकेट, सोळा पिना, सारखेच कोड. १९९६ पासून तो अख्ख्या अमेरिकेत लागू झाला. पुढे युरोपने तशीच पद्धत घेतली, आणि युरोपचे नियम गिरवत ती आपल्याकडे आली. साडेचारशे रुपयांचा प्लग काकांच्या गाडीशी बोलू शकला, याचं कारण हा नियम. नाहीतर प्रत्येक कंपनीचं यंत्र वेगळं असतं आणि ते फक्त तिच्याच शोरूममध्ये मिळालं असतं.

तर, काकांची गाडी. आधी ०३०१. पहिल्या सिलिंडरवरची इग्निशन कॉइल काढून दुसऱ्यावर लावली, दुसऱ्याची पहिल्यावर. अ‍ॅपमध्ये कोड पुसले आणि गाडी फिरवून आणली. आता कोड आला ०३०२. म्हणजे आजार कॉइलबरोबर हलला, कॉइलच खराब. पान्हा आणि अर्धा तास, एवढ्यात निदान. नवी कॉइल टाकली, थरथर थांबली. काका एकदम खूश. एक इशारा इथेच देतो: हा दिवा नुसता लागलेला असेल तर आठवड्याभरात बघून घेतलं तरी चालतं. तो लुकलुकत असेल तर मात्र गाडी दामटू नका. न जळालेलं पेट्रोल तेव्हा कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत असतं आणि आतली जाळी वितळू शकते.

आमच्याकडे बहुतेक तेच झालं होतं. काकांना आठवलं, एप्रिलमध्ये घाटात दिवा लुकलुकला होता. त्यांनी त्यावर गणपतीचं स्टिकर लावलं. हो, खरंच.

कोड पुसल्यावर बाराव्या दिवशी ०४२० परत आला. सायलेन्सरच्या जोडात गळती असली तरी हा कोड येतो, म्हणून सकाळी थंड इंजिन सुरू करून खाली वाकून फटफट आवाज येतोय का ते ऐकलं. नाही येत. मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख अ‍ॅपवर पाहिला. कन्व्हर्टर धडधाकट असेल तर तो बराच स्थिर राहायला हवा. आमचा पुढच्या सेन्सरसारखाच उड्या मारत होता. डबा गेलाय.

अ‍ॅपमध्ये कोड पुसायचं बटण आहे. दर दहा दिवसांनी दाबलं की दिवा बंद. अमेरिकेत ही चलाखी पकडली जाते, कारण कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही कोऱ्या होतात आणि तपासणीवाल्याला ते दिसतं. आपल्याकडे पीयूसीला नळी सायलेन्सरमध्ये घालतात, सॉकेटकडे कोणी बघत नाही. म्हणजे आम्हाला कोणीच अडवणार नव्हतं. सरळ पाइप टाकला असता तर गॅरेजवाला खूश, काकांचे पैसे वाचले, दिवाही बंद.

काकांना मी हाखेन-स्मिटची गोष्ट सांगितली, रबराच्या पट्ट्यांसकट. काकूला गेल्या हिवाळ्यापासून इन्हेलर लागतो, ते मी बोललो नाही, त्यांनीच काढलं. नव्या कन्व्हर्टरची किंमत ऐकून ते दोन दिवस गप्प होते. मग त्यांनी घरखर्चाच्या वहीत एक पान वेगळं केलं, वर फक्त ०४२० असं लिहिलं आणि खाली पहिला आकडा मांडला, दीड हजार. स्टिकर काढून टाकलंय. दिवा अजून पिवळाच आहे.